प्लास्टिक ओळखायला मोबाईलचा कॅमेरा वापरताय? मग डबा आधी उलटा करा

गुगल लेन्स किंवा फोटो ओळखणारं दुसरं कुठलंही ॲप घ्या, डब्याचा समोरून फोटो काढला की ते सहसा 'शाम्पूची बाटली' एवढंच सांगतं, कारण कॅमेऱ्याला आकार आणि लेबल दिसतं, प्लास्टिक कुठलं ते दिसत नाही. म्हणून तळाचा फोटो काढा, तिथे बहुतेक वेळा त्रिकोणात प्लास्टिकचा प्रकार सांगणारा 1 ते 7 मधला एक आकडा असतो. डब्या-बाटल्यांवर तो सहसा उठावाचा असतो, रंगात छापलेला नसतो, त्यामुळे समोरून फ्लॅश मारला की चमकतो आणि काहीच वाचता येत नाही. फ्लॅश बंद ठेवा, दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च एका बाजूने तिरका धरा, सावली पडली की आकडा स्पष्ट उमटतो आणि मग ॲप तो बरोबर वाचतं.

1 म्हणजे पेट (PET) प्लास्टिक, पाण्याच्या बाटल्या. 2 म्हणजे शाम्पू, फिनेलच्या जाड बाटल्या. 5 मध्ये बरेचसे श्रीखंडाचे डबे येतात. हे तिन्ही भंगारवाले सहसा घेतात, फक्त धुऊन कोरडे करून द्या, खरकटं लागलेलं असेल तर कचरा वेचणाऱ्या ताईंनाच त्रास होतो हो!! चिप्सच्या चमकदार पाकिटांवर बहुतेक 7 असतो, ती वेगळी ठेवा.

आकडाच नसेल तर छोटा तुकडा कापून पाण्यात पूर्ण बुडवून सोडा, 2, 4 (पातळ पिशव्यांचं मऊ प्लास्टिक) आणि 5 वर येतात, पेट तळाशी जातं. आकडा नसलेल्या डब्यासाठी हे समोरून काढलेल्या फोटोपेक्षा भरवशाचं आहे.