खुर्चीला चाकं नकोत, मॅडम

एमबीए झाल्यावर माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुणं गाठलं. मी सोलापुरातच राहिले आणि होटगी रोडच्या एका कंपनीत एचआरला लागले. खाली शाळेचे युनिफॉर्म शिवण्याचं युनिट, वर अकाउंट आणि ऑर्डरचं ऑफिस. काहीजण घरून काम करणारे. एचआर म्हणजे मी एकटी, आणि गरज पडली की रिसेप्शनलाही मीच. या कामात नव्यानं येणाऱ्यांना, विशेषतः छोट्या शहरातल्या मध्यम कंपनीत लागणाऱ्यांना, दिव्यांग सहकाऱ्यांसाठी कामाच्या सोयी करताना उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे. माझ्या चुकांपासूनच सुरुवात करते, कारण शिकले ते तिथंच.

अकाउंटला आमच्याकडे एक अण्णा आहेत. लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट), काखेत एक कुबडी. त्यांची पाठ दुखते असं कानावर आलं. मी नवी, उत्साह दांडगा. मालकांकडून पैसे मंजूर करून घेतले आणि जाळीच्या पाठीची, वरखाली होणारी, पाच चाकांची झकास खुर्ची मागवली. चौथ्या दिवशी अण्णा जमिनीवर आणि खुर्ची मागच्या कपाटाला जाऊन आदळलेली.

कॅलिपर घातलेला माणूस खुर्चीतून कसा उठतो, हे मी तोवर कधी नीट पाहिलंच नव्हतं. आधी तो पाय सरळ करतो, गुडघ्याचं लॉक खटकन बसवतो, आणि मग खुर्चीच्या दोन्ही हातांवर सगळा भार देऊन अंग वर उचलतो. त्या क्षणी खुर्ची तसूभर हलली तरी संपलं. फार लागलं नव्हतं. मी पाणी घेऊन गेले तर अण्णाच मला समजावत होते. म्हणाले, “खुर्चीला चाकं नकोत, मॅडम. सांगणार होतो, पण तुम्ही एवढ्या हौसेनं आणली की.”

मग गोडाऊनमधून हात असलेली जुनी लाकडी खुर्ची काढली. सुतारानं चारही पायांखाली दोन इंचाचे ठोकळे बसवले, कारण बैठक थोडी उंच असली की उठायला जोर कमी लागतो. खाली रबरी टोप्या, आणि कमरेमागे सोलापुरी चादरीची घट्ट गुंडाळी. टेबलाच्या कडेला कुबडी अडकवायला एक हूक. या हुकाचं कौतुक मला आजही आहे. टेकवून ठेवलेली कुबडी दिवसातून दहादा घसरून पडायची आणि दरवेळी कुणालातरी “जरा द्या की” म्हणावं लागायचं. शेवटची गोष्टही अण्णांनीच सांगितली: फरशी नऊ वाजता पुसतात, तेव्हाच ते येतात, आणि ओल्या गुळगुळीत फरशीवर कुबडी सरकते. मावशींनी आठला फरशी पुसायला सुरुवात केली. सुतार, हूक, रबर सगळं धरून जो खर्च झाला, तो त्या झकास खुर्चीच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नव्हता.

म्हणून नव्यांना माझं पहिलं सांगणं: खरेदी शेवटी, विचारणं आधी. पण विचारायचं कसं, यात खरी मेख आहे. “तुम्हाला काय त्रास आहे?” असं विचारलंत की माणूस एकतर आजाराचा सगळा इतिहास सांगतो, नाहीतर “चालतंय की” म्हणून मोकळा होतो. आमच्याकडे ‘चालतंय की’ याचे अर्थ पन्नास, त्यातले चाळीस ‘चालत नाही’ असे. मी आता दोनच प्रश्न विचारते. गेटपासून जागेवर येईपर्यंत कुठं थांबावं लागतं? आणि रोजच्या कामातलं कोणतं काम दुसऱ्याला सांगून करून घ्यावं लागतं? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेकजण क्षणभर गप्प होतात, मग भराभर सांगतात. त्यानंतर तासभर शेजारी बसून नुसतं बघायचं. मोबाइल खिशात ठेवून.

कायदा थोडक्यात सांगते, कारण मालकांपुढं तो लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. त्यात मानसिक आजार, अध्ययन अक्षमता, हिमोफिलिया, सिकलसेल हेही येतं. म्हणजे सगळंच डोळ्यांना दिसणारं नसतं. अवाजवी बोजा न पडता करता येण्याजोगे आवश्यक बदल म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘रीझनेबल अकोमोडेशन’. आम्ही नुसतं ‘ॲडजस्टमेंट’ म्हणतो. ते नाकारणं हा भेदभावच, असं त्याच कायद्याच्या व्याख्येत आहे. समान संधी धोरण खाजगी आस्थापनेलाही करावं लागतं. २० किंवा जास्त माणसं असतील तर केंद्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे त्या धोरणात एक लायझन ऑफिसरही, म्हणजे दिव्यांगांची भरती आणि सोयी बघणारा माणूस, नेमावा लागतो. आमच्याकडे तो मान अर्थातच माझ्याकडे आला.

एक गैरसमज मीही दोन वर्षं बाळगला होता. ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसेल तर काही द्यायची गरज नाही, असा. ४० टक्के ही अट सरकारी नोकरीतलं आरक्षण आणि तशा लाभांसाठी आहे. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत दिव्यांग करदात्याला ७५,००० रुपयांची वजावट मिळते (८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००), तिलाही ती लागते. कामातली सोय ही वेगळी गोष्ट. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात हाच फरक केला. हाताला लिहिताना पेटके येणाऱ्या उमेदवाराला, ४० टक्क्यांची अट पुरी होत नसतानाही, परीक्षेत लेखनिक मिळायला हवा असा तो निकाल आहे.

हे मला कळलं ते एका अक्कांमुळे. त्या शहराच्या पूर्व भागात राहतात, घरून ऑर्डरची नोंद करतात. त्यांना आमवात आहे. सकाळी बोटं इतकी आखडतात की चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. दहा-साडेदहानंतर हळूहळू सुटतात. मी त्यांच्याकडे प्रमाणपत्र मागितलं. नव्हतं. “मग नियमात बसत नाही” असं मी चक्क लिहून पाठवलं. ती मेल आजही माझ्याकडे आहे, मुद्दाम ठेवली आहे.

सहा महिन्यांनी त्या राजीनामा द्यायला निघाल्या तेव्हा कुठं आम्ही त्यांची वेळ अकरा ते सात केली आणि सकाळचा साडेनऊचा कॉल दुपारी नेला. लांबलचक शेरे बोटांनी टाइप करण्याऐवजी त्या फोनवर मराठीत बोलून लिहू लागल्या. तरी खांदे दुखायचेच. घरून काम करणाऱ्याची जागा बघायची कशी, हा प्रश्न नाजूक असतो. व्हिडिओ कॉलवर “घर दाखवा” असं कधीही म्हणू नका. एका खोलीत पाच माणसं राहत असतील, तर ती दाखवायची की नाही हा त्यांचा प्रश्न. मी फक्त बसलेला एक फोटो बाजूनं मागवला, चेहरा नसला तरी चालेल म्हटलं, आणि शिवणकामाची टेप घ्यायला सांगितली. ती आमच्याकडे घरोघरी सापडते.

मापं घेतली तर कारण लगेच दिसलं. टेबल जमिनीपासून ७५ सेंटिमीटर, आणि बसल्यावर अक्कांचं कोपर ६४ वर. म्हणजे दिवसभर खांदे उचलून टायपिंग. बैठक गादीनं उंच केली तर पाय लोंबकळू लागले. मग पायाखाली जेवायचा पाट ठेवला. लॅपटॉपची खोड अशी, की स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले: मान नीट ठेवावी तर हात वर जातात, हात नीट ठेवावे तर मान खाली. म्हणून लॅपटॉप खोक्यांवर चढवून त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणली, अंतर साधारण हातभर, आणि कंपनीनं हलक्या बटणांचा वेगळा कीबोर्ड-माउस पाठवला. कोपर काटकोनाच्या आसपास, मनगट सरळ, पाऊल पूर्ण टेकलेलं, इतकं जमलं की बरंचसं काम झालं. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघा, हा डोळ्यांचा सल्लाही मी दिला. त्यावर त्या म्हणाल्या, “आमची खोलीच दहा बाय दहा आहे, वीस फूट कुठून आणू?” आता त्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरची टाकी बघतात.

सोलापुरात आणखी दोन गोष्टी धरून चालाव्या लागतात: शेजारच्या यंत्रमागाची खडखड, आणि नळाला पाणी यायचा दिवस. पाणी रोज येत नाही, आणि येईल तेव्हा भरावंच लागतं. त्या दिवशी दोन तास कुणी ऑनलाइन दिसलं नाही तर आम्ही मेसेज करत नाही. याला धोरण म्हणा, शहाणपण म्हणा.

अक्कांच्या बाबतीत माझी दुसरी चूक अधिक वाईट होती. हजेरीच्या सामाईक शीटमध्ये शेऱ्याच्या रकान्यात मी ‘आमवात, सकाळी उशिरा’ असं लिहिलं. शीट तीस जणांना दिसत होती. संध्याकाळपर्यंत त्यांना चार काढे, दोन वैद्य आणि एक अंगारा सुचवून झाला होता. आता तिथं फक्त ‘वेळ ११ ते ७, मंजूर’ एवढंच असतं. त्यामागचं कारण मात्र माझ्या कुलपातल्या फाइलमध्ये.

ऑर्डर विभागात एक पूर्ण अंध मुलगा आला, तेव्हा मी आधी त्यालाच विचारलं (थोडी सुधारले होते). म्हणाला, एनव्हीडीए टाकून द्या, बाकी मी बघतो. हे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. टाकलं, तो इंग्रजी मेल झरझर ऐकायला लागला, इतक्या वेगानं की मला एक शब्द कळेना. पण आमची मराठी दरपत्रकं उघडली आणि हेडफोनमधून नुसती खिचडी: एस, स्लॅश, कंस, वाय. ती सगळी जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये होती. डोळ्यांना ‘शर्ट, इयत्ता पाचवी’ दिसतं, पण फाइलच्या पोटात भलतीच इंग्रजी अक्षरं असतात, आणि यंत्र बिचारं तीच वाचतं. सगळी दरपत्रकं युनिकोडमध्ये, म्हणजे यंत्रालाही मराठी म्हणूनच कळतील अशा अक्षरांत, आणायला आम्हाला तीन आठवडे लागले. शाळांकडून येणारे ऑर्डरचे फोटोही त्याच्यासाठी नुसतं चित्रच. ते आता टाइप करून मागवतो. या भानगडीत पहिल्यांदाच आमच्या फाइलींमध्ये मराठी शब्द सर्चला सापडायला लागले. हे काम दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं.

रॅम्पबद्दल लहानसं. ठेकेदार ‘उतार’ म्हणून जे बांधतो ते स्कूटर चढवायचं असतं. उंचीला लांबीचं प्रमाण १ ला १२ हवं. आमच्या तीन पायऱ्या मिळून ४५ सेंटिमीटर, म्हणजे लांबी ५.४ मीटर, त्यानं दीड मीटरमध्ये उरकलं होतं. फोडून परत बांधावा लागला. आणि बांधल्यावर त्यावर मोटरसायकली लागतात, ती लढाई अजून चालू आहे. एका वर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, आम्ही शाल-नारळ देऊन सत्कार केला आणि व्हीलचेअरवरच्या सत्कारमूर्तींना मागच्या दारानं आणावं लागलं, कारण रॅम्पवर पाहुण्यांची बुलेट. तेव्हापासून सत्कार बंद.

व्हीलचेअरवरच्या त्याच सहकाऱ्यांना मणक्याची दुखापत आहे. अशा दुखापतीत अनेकदा घाम नीट येत नाही, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. एप्रिल-मेच्या आमच्या उन्हात हे गंमतीचं काम नव्हे. त्या दोन महिन्यांत ते सकाळी सातला घरूनच काम सुरू करतात आणि दुपारी एकला बंद. शिवाय एका जागी दाब पडून जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना अधूनमधून हातांवर अंग उचलून भार बदलावा लागतो. लांब मीटिंगमध्ये ते तसं करतात, तेव्हा कुणी “काही हवंय का?” म्हणून धावायचं नसतं.

सोय करून दिली की पंधरा दिवसांनी परत विचारायचं, मग तीन महिन्यांनी. अण्णांचा हूक दुसऱ्याच महिन्यात सैल झाला होता. कुणाला न सांगता त्यांनी तो मागाच्या दोरीनं आवळून ठेवला होता.

गेल्या सोमवारी एक नवा मुलगा रुजू झाला, कमी ऐकू येतं त्याला. मी समोर बसले, चेहऱ्यावर उजेड पडेल अशी, सावकाश माझा ठेवणीतला प्रश्न विचारला: रोजच्या कामात कुठं अडतं?

तो बघतच राहिला. मग म्हणाला, “अजून कामच दिलं नाही की मॅडम.”