माळरानाचा नकाशा कसा करावा: ‘नव्हतं’ आणि ‘गेलो नाही’ यांची गल्लत नको

सोलापूरजवळ नान्नजला माळढोक अभयारण्य आहे. ते १९७९ साली झालं. आज महाराष्ट्रात माळढोक जवळपास दिसेनासा झाला आहे, म्हणून लोक मला विचारतात, पक्षीच नाही तर नकाशा कसला करता? नकाशा त्याच्या जागेचा. गुडघ्याच्या आतलं गवत, दूरवर नजर जाईल असा उघडा माळ, मादीला जमिनीवर एकुलतं एक अंडं घालून बसता येईल अशी निवांत जागा. ती जागा राहिली तर माळढोक किंवा तणमोर (माळावरचाच आणखी एक दुर्मिळ पक्षी) परतायची आशा राहते. तिथे वेडी बाभूळ (बाहेरून आलेलं, झपाट्याने पसरणारं काटेरी झाड) माजली की ती आशाही गेली.

तेव्हा नकाशावर दोन गोष्टी यायला हव्यात: चांगला माळ कुठे उरलाय आणि वेडी बाभूळ कुठवर पोचली आहे. क्यूजीआयएस (नकाशे करायचं मोफत सॉफ्टवेअर) तुम्हाला चालवता येतं, फोनवर जीपीएसची नोंद घेता येते, अभयारण्यात पाऊल टाकण्याआधी वन विभागाची लेखी परवानगी लागते हे ठाऊक आहे, असं धरून चालतो.

प्रश्न एका ओळीत लिहा

‘तालुक्याच्या जैवविविधतेचा नकाशा’ हा प्रश्न नव्हे. ‘या चार गावांच्या माळावर, येत्या पावसाळ्याआधी, वेडी बाभूळ कुठून उपटायला घ्यायची?’ हा प्रश्न. ही ओळ वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे प्रत्येक वेळी अडाल तेव्हा उत्तर तिथेच सापडेल.

जुने सरकारी नकाशे पाहताना एक सांभाळा. त्यांत माळ बहुतेक ‘पडीक’ या रंगात असतो. तो रंग गाळायचा नाही. तुमचं सगळं काम त्या रंगातच आहे.

उपग्रहाचं चित्र: एक मेमधलं, एक फेब्रुवारीतलं

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर. मे महिन्यात गवत वाळून पिवळं पडलेलं असतं आणि वेडी बाभूळ हिरवीगार, त्यामुळे तिची दाट बनं उठून दिसतात. साधी बाभूळ, कडुनिंब आणि ऊसही तेव्हा हिरवेच, हे विसरू नका. ऊस शेताच्या चौकोनी आकारावरून ओळखू येतो, बाकीच्यांसाठी पायी जावं लागतं. फेब्रुवारीचं चित्र गिरीपुष्पासाठी (ग्लिरिसिडिया). माळावर त्याची लागवड भरपूर झाली आहे, आणि ते त्या सुमाराला पानं गाळून गुलाबी फुलतं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की गिरीपुष्प वेगळं काढता येतं.

उपग्रहाचं काम इथे संपलं. ‘उपग्रहात सगळं दिसतं, उन्हात कशाला हिंडता’ हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता थेट सांगतो: गुडघ्याएवढं रोप दहा मीटरच्या ठिपक्यात दिसत नाही. आणि खरं काम त्या रोपांपाशीच आहे. दाट बन झाल्यावर ते रस्त्यावरूनही दिसतं, त्यासाठी नकाशा लागत नाही.

ड्रोनचाही आग्रह होतो. जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांच्या माळावर मी ड्रोन उडवत नाही आणि कुणाला उडवू देत नाही.

चौकोन पाडा

५०० मीटर बाय ५०० मीटर. एक चौकोन म्हणजे २५ हेक्टर. क्यूजीआयएसमध्ये दोन मिनिटांचं काम. प्रत्येक चौकोनाला क्रमांक द्या.

चालणं, आणि ‘नाही’ची नोंद

आता सावकाश वाचा. माझा पहिला नकाशा इथेच फसला होता आणि त्याची किंमत माळाने मोजली.

तेव्हा आम्ही जीप घेऊन हिंडायचो. वेडी बाभूळ दिसली की थांबायचं, फोनवर बिंदू घ्यायचा, पुढे जायचं. दोन महिन्यांत शेकडो बिंदू जमले. नकाशा सुंदर आला: डांबरी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आणि ओढ्यांच्या काठाने लाल ठिपक्यांच्या रांगा, आणि मधला माळ पांढरा, स्वच्छ. मी तो नकाशा एका बैठकीत मांडला आणि ठामपणे म्हणालो, आतला माळ अजून शाबूत आहे, आधी रस्त्याकडेची बाभूळ काढू. सगळा पैसा, सगळी माणसं रस्त्याकडे लागली.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत एका मेंढपाळाबरोबर त्या ‘स्वच्छ’ माळात चालत गेलो. मेंढरं जिथे बसवली जायची, तिथे गोलाकार पट्ट्यात रोपंच रोपं. बाभळीच्या शेंगा गोड असतात, उन्हाळ्यात गवत संपलं की शेळ्या-मेंढ्या आणि गुरं त्या आवडीने खातात, न चावलेलं बी लेंड्यांतून पडतं आणि पावसात उगवतं. मेंढवाट जिकडे जाते तिकडे बाभूळ जाते. आम्ही मात्र जीप जाईल तिकडे गेलो होतो. नकाशावरचा पांढरा रंग ‘इथे बाभूळ नाही’ असं सांगत होता, आणि त्याचा खरा अर्थ ‘इथे कुणी गेलंच नाही’ असा होता. आदल्या वर्षी जी रोपं एकेक करून खणून काढता आली असती, ती आता कुदळीला दाद देत नव्हती. त्या भागातला सर्वांत चांगला कुसळी गवताचा माळ तोच होता. ते आठवलं की अजून चुटपुट लागते.

म्हणून नियम एकच. प्रत्येक चौकोनापुढे तीनपैकी एक शब्द लिहायचा: ‘होतं’, ‘नव्हतं’, ‘गेलो नाही’. शब्दच लिहा. शून्य लिहू नका आणि रकाना रिकामा सोडू नका. तक्ता एका संगणकातून दुसऱ्यात गेला की कुणीतरी रिकाम्या जागी शून्य भरतं, आणि न पाहिलेला माळ एका क्षणात स्वच्छ ठरतो. शब्द लिहिला की ही चूक होऊच शकत नाही.

‘नव्हतं’ हा शब्द फुकट लिहायचा नाही, तो चालून कमवायचा. हिशेब करून पाहा. वाळक्या गवतात गुडघ्याएवढं रोप दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरपर्यंत नीट दिसतं. चौकोनाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ५०० मीटर सरळ चाललात, तर पाहिलेली जमीन ५०० गुणिले २० मीटर, म्हणजे एक हेक्टर. चौकोन २५ हेक्टरचा. एवढ्यावर ‘नव्हतं’ लिहिणारे मी पाहिलेत. चार ओळी चाललात तरी चारच हेक्टर होतात, सहावा हिस्साही नाही. तेव्हा ‘नव्हतं’च्या शेजारी नेहमी किती मीटर चाललात ते लिहा, आणि तारीख, सुरू केल्याची व संपवल्याची वेळ, कोण चाललं, गवत किती उंच होतं. ‘होतं’च्या पुढेही हेच सगळं लिहायचं.

चार ओळी कुठून न्यायच्या? दोन चिठ्ठी टाकून ठरवा, म्हणजे पाय आपोआप सोप्या वाटेला वळत नाहीत. उरलेल्या दोन संशयाच्या जागांवरून न्या: मेंढवाट, ओढ्याचा काठ, बांध, मेंढरांचं जुनं बसकण. कुठली ओळ चिठ्ठीची आणि कुठली संशयाची ते वेगळं नोंदवा. माळावर बाभूळ एकूण किती पसरली याचा अंदाज फक्त चिठ्ठीच्या ओळींवरून बांधायचा. संशयाच्या ओळी त्यात मिसळल्या की आकडा फुगतो आणि पुढची सगळी आखणी चुकते.

मग प्रश्न येतो डोळ्यांचा. रोप समोर असूनही सुटतं, सगळ्यांचं सुटतं. स्वतःची परीक्षा घ्या. एकाने आधी जाऊन ओळीवरच्या दहा रोपांना जमिनीलगत सुतळी बांधावी, दुसऱ्याने नंतर नेहमीच्या चालीने चालावं आणि किती सापडली ते सांगावं. दहापैकी सहा सापडली तर एका फेरीत चार सुटतात. त्याच ओळीवरून तीन जण वेगवेगळ्या वेळी चालले, तर एखादं रोप तिघांच्याही नजरेतून सुटण्याची शक्यता ०.४ × ०.४ × ०.४, म्हणजे ०.०६४. शंभरात सहा-सात. इतकं झालं की त्या ओळीपुरतं ‘नव्हतं’ म्हणायला माझी हरकत नाही. तिघांनी मागोमाग बोलत चालू नये. पुढचा जिकडे पाहतो तिकडेच मागचा पाहतो, आणि तीन फेऱ्यांची एकच फेरी होते. शिवाय झुडपाच्या पोटात लपलेलं रोप तिघांनाही दिसत नाही, त्यामुळे खरा आकडा याहून थोडा वाईटच असतो.

रोप ओळखण्यात फसू नका. मोठ्या झाडांचं सोपं आहे: साध्या बाभळीला पिवळे गोल गोंडे आणि मण्यांच्या माळेसारख्या शेंगा, वेड्या बाभळीला लांबट फिकट पिवळी कणसं आणि चपट्या पिवळसर शेंगा. रोपाला ना फूल ना शेंग. साध्या बाभळीचे काटे लांब, सरळ, पांढरे असतात. वेड्या बाभळीच्या कोवळ्या फांद्या गाठीगाठीला वळत नागमोडी जातात. खात्री नसेल तर फोटो काढा आणि ‘शंका’ लिहा. हिवराची आणि साध्या बाभळीची रोपं वेडी समजून उपटलेली मी पाहिली आहेत. अशी चूक पुन्हा भरून येत नाही.

ओळी फेब्रुवारी-मार्चमध्ये चाला. गवत वाळलेलं असतं, रोप हिरवं दिसतं. जून ते ऑक्टोबर माळावर ओळी मारायच्याच नाहीत, मग अहवालाची मुदत काहीही असो. तो पक्ष्यांच्या विणीचा काळ आहे. अंड्यावरून उठलेली मादी परत येईलच याचा भरवसा नसतो.

मेंढपाळांना विचारा, पण नीट

‘इथे वेडी बाभूळ आहे का?’ असं विचारलंत तर ‘लई हाय’ एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा विचारा, ‘मामा, गेल्या उन्हाळ्यात मेंढरं कुठं कुठं बसवली होती?’ त्या जागा नकाशावर घ्या. संशयाच्या ओळी तिथूनच न्यायच्या. कोळसा पाडणाऱ्यांशीही बोला. कुठलं बन किती जुनं आणि तोडल्यावर किती वर्षांत पुन्हा उभं राहिलं, हे त्यांना ठाऊक असतं. ही बाभूळ त्यांच्या चुलीचं आणि पोटाचं साधन आहे. त्यांना न विचारता ‘काढून टाका’ असा लाल रंग नकाशावर भरू नका. माझा अनुभव असा की जुनी बनं त्यांच्याकडे ठेवून नवी रोपं काढायला ते स्वतः मदतीला येतात.

अक्षांश आणि रेखांश

दशांशात लिहा, आधी अक्षांश, मग रेखांश. सोलापूर साधारण १७.७ उत्तर, ७५.९ पूर्व. उलटे भरले तर तुमचा माळ उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात जातो.

रंग भरताना

‘होतं’ला गडद रंग, ‘नव्हतं’ला फिकट, ‘गेलो नाही’ला राखाडी रेघा. पांढरा रंग वापरायचाच नाही. पांढऱ्याकडे पाहून माणूस ‘ठीक आहे’ असं समजतो. राखाडी रेघांकडे पाहून विचारतो, इथे का नाही गेलात? तो प्रश्न बैठकीत उठलाच पाहिजे. पहिल्या वर्षी अर्ध्याहून जास्त नकाशा राखाडी येईल. तसाच दाखवा. कुणी नाराज झालं तरी रेघा पुसू नका.

याच नकाशावर विजेच्या तारा आणि पवनचक्क्या घ्या. माळढोक जड पक्षी आहे आणि उडताना त्याला समोरचं नीट दिसत नाही. गवत कितीही चांगलं असलं तरी वरून तार गेली असेल तर तो चौकोन ‘उत्तम’ लिहू नये.

काय उघड करायचं, काय झाकायचं

बाभळीचा पत्ता अचूक द्या, अगदी मीटरपर्यंत, आणि सगळ्यांना द्या. ग्रामपंचायतीत नकाशा लावा.

माळढोक किंवा तणमोर दिसला, तर त्याची अचूक जागा फक्त वन विभागाला कळवा. दोन्ही पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. बाहेर द्यायच्या नकाशात पाच किलोमीटरचा चौकोन पुरे. फोटोही त्या दिवशी कुठे टाकू नका, आणि टाकाल तेव्हा फोटोत दडलेली जीपीएसची नोंद आधी काढा. विणीच्या माळावर कॅमेरेवाल्यांच्या पाच गाड्या आल्या, तर ते घरटं तुमच्या नकाशामुळे गेलं असं धरा.

पुढच्या फेब्रुवारीत

पुन्हा सगळा माळ चालायची गरज नाही. आधी ते ‘नव्हतं’चे चौकोन घ्या, ज्यांना ‘होतं’चे चौकोन लागून आहेत आणि ज्यांतून मेंढवाट जाते. मग राखाडीतले जितके होतील तितके. वन विभागाने काढायची परवानगी दिली असेल, तर एकाच्या खांद्यावर कुदळ असू द्या: आधी नोंद, मग फोटो, मग रोप मुळासकट. वरून छाटू नका. जमिनीखाली वीतभर खणून, मूळ जिथून खोडाला फुटतं त्याच्या खालून तोडा, नाहीतर पावसाळ्यात एका खोडाला पाच फुटवे येतात. काढलेल्या प्रत्येक रोपाची जागा तक्त्यात ‘काढलं’ या चौथ्या शब्दाने लिहा आणि दिवाळीनंतर तिथे परत जाऊन फुटवा आलाय का ते पाहा.