सिक्वेन्सची लिमिट काढताना या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव. दिवेलागणीनंतर ओसरीवर चार-सहा पोरं जमतात, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची. दिवसा एसटीने तालुक्याच्या कॉलेजात, सुटीला घरच्या वावरात कापूस वेचायला. त्यांच्या वह्या तपासताना एकच खोड दिसते. सिक्वेन्स म्हणजे क्रमिका, ओळीने येणारी पदं; पुढे पुढे जाताना ती ज्या एका आकड्याच्या हवी तितकी जवळ जातात, ती तिची लिमिट. ती किती, हे काढायची घाई. लिमिट आहे का, हे कोणी विचारतच नाही.

परवाचंच घ्या. पहिलं पद १, आणि पुढचं प्रत्येक पद मागच्याच्या दुप्पट अधिक १. एकीने लिमिटला एल म्हटलं, एल = २एल + १ मांडलं, एल = −१ काढलं आणि उत्तराखाली दोन रेघाही ओढल्या. म्हटलं, "पदं लिहून पाय बरं." १, ३, ७, १५, ३१...

"अरे बाप्पा, हे तं वाढूनच राह्यलं सर!"

सगळी पदं धन आणि लिमिट उणे एक! आकडेमोडीत चूक शोधून सापडणार नाही, कारण ती पहिल्याच ओळीत आहे: "समजा लिमिट एल आहे." बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातली गत.

हीच रीत कुठे चालते तेही बघा. पहिलं पद √२, पुढचं पद म्हणजे √(२ + मागचं पद). पदं येतात १.४१४, १.८४८, १.९६२, १.९९०. मागचं पद २ पेक्षा लहान असेल तर पुढचं √४ पेक्षा, म्हणजे २ पेक्षा, लहानच राहतं. शिवाय प्रत्येक पद मागच्यापेक्षा मोठं. वाढती आणि वरून बांधलेली, म्हणजे एका आकड्यापलीकडे न जाणारी, क्रमिका अभिसारी असते, म्हणजे तिला लिमिट असते. म्हणून इथे लिमिट आहेच. आता खुशाल एल² = एल + २ मांडा. २ किंवा −१ येतं. पदं धन, म्हणून २. वाढती आहे आणि बांधलेली आहे, या दोन ओळी गाळल्या तर उत्तर बरोबर असूनही मी मार्क कापतो.

दुसरी चूक (१ + १/एन) च्या एन-व्या घाताची; एन म्हणजे पदाचा क्रमांक. "सर, कंसात एकच उरते, अन् एकाचा कितीबी घात केला तं एकच!" पण कंसात नेमका एक कधीच नसतो, आणि घातही सोबतच वाढत असतो. गणितज्ञ याकोब बर्नोली १६८३ साली चक्रवाढ व्याजाच्या हिशेबातून इथेच पोचला होता. शेकडा शंभर व्याजाने एक रुपया वर्षाला २ होतो. सहामाही व्याज चढवलं तर २.२५, दरमहा २.६१, दररोज २.७१. व्याजावर व्याज म्हणजे काय, ते गावात कोणाला समजवावं लागत नाही. ही वाढ ई म्हणजे २.७१८२८... इथे येऊन टेकते.

याच गणितात सायंटिफिक कॅलक्युलेटरही फसवतो. एनच्या जागी १ वर वीस शून्यं टाका, उत्तर १ येतं. यंत्राकडे पंधरा-सोळा अंकांपलीकडे जागा नसते, त्यामुळे १ मध्ये मिळवलेला तो कण गळून जातो. मी स्वतः कॉलेजात असताना हे उत्तर पुरावा म्हणून लिहून आलो होतो.

अनंत वजा अनंत बरोबर शून्य, हे तर रोजचंच. √(एन² + एन) − एन मध्ये एन = १०० घातलं की ०.४९९ येतं. संयुग्मीने, म्हणजे √(एन² + एन) + एन ने, गुणून-भागून घ्या, लिमिट १/२ मिळेल.

अपसारी, म्हणजे लिमिट नसलेली, क्रमिका अनंताकडेच जाते, हाही गैरसमजच. −१, १, −१, १ ही क्रमिका कुठेच जात नाही, तरी अपसारी आहे. खुंट्याला बांधलेला बैल दाव्याबाहेर जात नाही, पण म्हणून एका जागी उभा राहतो असंही नाही.

आणि शेजारच्या पदांतलं अंतर शून्याकडे जातं, म्हणून क्रमिका अभिसारी, असं लिहू नका. √एन घ्या. दहा लाखाव्या पदापासून पुढचं पद जेमतेम ०.०००५ दूर आहे, पण ते पद १००० आहे, आणि पुढे ते २००० होतं, ३००० होतं.