फॉग लाइटला एलईडी बसवताना या चुका टाळा: रेझिस्टर म्हणजे बंपरमधली छोटी शेगडी

फॉग लाइटचा हॅलोजन बल्ब काढून एलईडी लावला की बरेचदा दोनपैकी एक तक्रार येते. दिवा नीट लागतो पण डॅशबोर्ड सांगतो की बल्ब गेला, नाहीतर दिवा लागतो आणि लुकलुकत राहतो. मग सोनेरी रंगाचा, खाचांचा ॲल्युमिनियमचा रेझिस्टर आणून बंपरच्या आत केबल टायने आवळला जातो. इशारा बंद होतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. काही महिन्यांनी कशासाठी तरी बंपर उतरवला की दिसतं: रेझिस्टरखालचं प्लास्टिक तपकिरी पडून दबलंय, शेजारच्या वायरचं आवरण कडक होऊन तडकलंय. इथवर न पोचणं अवघड नाही. त्यासाठी रेझिस्टर नेमकं काय करतो ते आधी समजून घ्यायला हवं.

गाडीच्या कंट्रोल युनिटला, म्हणजे दिवे सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, उजेड दिसत नाही, त्याला फक्त करंट कळतो. 55 वॅटचा एच11 हॅलोजन 12 व्होल्टवर साधारण 4.6 अँपिअर घेतो. त्या जागी आलेला 20 वॅटचा एलईडी दीडेक अँपिअरवर भागवतो. युनिटला वाटतं, फिलामेंट तुटली. रेझिस्टर हा मधला फरक भरून काढतो आणि ओढलेली सगळी वीज उष्णतेत घालवतो. एलईडीमुळे जी वीज वाचली असती, ती इथे जळते.

रेझिस्टर लागतोच असं धरून चालणं

सगळ्यात पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जुना बल्ब फेकण्याआधी त्याच्या बुडावर काय छापलंय ते वाचा. एच8, एच11 आणि एच16 हे दिसायला भावंडं आहेत, पण एच8 35 वॅटचा, एच11 55 वॅटचा आणि एच16 फक्त 19 वॅटचा. गाडीत मुळात एच16 असेल आणि तुम्ही 15 वॅटचा एलईडी लावत असाल, तर फरक इतका कमी आहे की बहुधा काहीच जोडावं लागणार नाही. आधी नुसता एलईडी लावून पाहा. कित्येक गाड्यांमध्ये फॉग लाइट साध्या रिलेवर, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचवर, चालतात, तिथे बल्ब तपासणारं कुणी नसतंच.

इशारा आलाच, तर कंट्रोल युनिटच्या कोडिंगमध्ये, म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये, त्या दिव्याची तपासणी बंद करता येते का ते विचारा. बऱ्याच गाड्यांमध्ये ती सोय असते. माझ्या मते हाच सर्वांत चांगला इलाज आहे, कारण त्यात उष्णताच निर्माण होत नाही. रेझिस्टर हा शेवटचा पर्याय समजा.

"50 वॅट लिहिलंय, मग काय घाबरायचं?"

इथे थोडं गणित करू. बाजारात सर्रास मिळणारा रेझिस्टर 6 ओहम, 50 वॅट असा असतो. इंजिन चालू असताना गाडीत 12 नव्हे, 13.8 ते 14.4 व्होल्ट असतात. व्होल्टचा वर्ग करून त्याला ओहमने भागलं की वॅट मिळतात. 13.8 व्होल्टवर 6 ओहमचा रेझिस्टर जवळपास 32 वॅट उष्णता देतो आणि 14.4 व्होल्टवर साडेचौतीस. घरगुती कामाची छोटी सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते. म्हणजे बंपरच्या प्रत्येक कोपऱ्यात तुम्ही एकेक चालू सोल्डरिंग आयर्न बांधून ठेवता आहात.

50 हा आकडा खोटा नसतो, पण तो सशर्त असतो. पुरेशा मोठ्या धातूच्या पत्र्यावर घट्ट बसवला तरच हा रेझिस्टर 50 वॅट पेलतो. हवेत लोंबकळत ठेवला तर त्याची कुवत निम्म्याहूनही बरीच खाली येते. 32 वॅट त्याला तिथे झेपत नाहीत आणि अंगाचं तापमान 100 अंशांच्या कितीतरी वर जातं. वायरचं साधं पीव्हीसी आवरण 70 ते 105 अंशांपर्यंतचं असतं. बंपर ज्या पॉलिप्रोपिलीनचा असतो ते 160 अंशांच्या आसपास वितळतं आणि त्याच्या पुष्कळ आधी मऊ पडतं.

आता यात इंडिकेटरची गोष्ट येते, आणि बहुतेक लोक इथेच फसतात. हे रेझिस्टर मुख्यतः इंडिकेटरसाठी विकले जातात. इंडिकेटर अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद असतो, तोही वळण संपेपर्यंतच. तिथे सरासरी उष्णता निम्मी आणि काही सेकंदांची. फॉग लाइट लागला की तास-दोन तास सलग लागलेला असतो. तोच रेझिस्टर इंडिकेटरवर वर्षानुवर्षे टिकलेला पाहून "मला कधी त्रास झाला नाही" असं सांगणारा माणूस खरंच बोलत असतो. फक्त त्याचा अनुभव फॉग लाइटला लागू पडत नाही.

म्हणून 6 ओहमवरच अडून बसू नका. कंट्रोल युनिटला पूर्ण 55 वॅट हवेच असतात असं नाही, त्याचा उंबरठा बरेचदा खूप खाली असतो. आधी 10 ओहम लावून पाहा. 13.8 व्होल्टवर तो 19 वॅटच देतो. इशारा गेला तर तिथेच थांबा. नाही गेला तर 8 ओहम, म्हणजे सुमारे 24 वॅट. त्याहीपुढे 6 ओहमच हवा असेल तर एकाऐवजी 12-12 ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडा. एकूण तेवढाच करंट, पण प्रत्येकाच्या वाट्याला 16 वॅट आणि पत्र्याला टेकणारं अंग दुप्पट. 3 ओहमचा तर एकट्या फॉग लाइटसाठी विचारही करू नका. तो 63 वॅट फेकतो, खुद्द जुन्या हॅलोजनपेक्षा जास्त.

जोडणीत होणारी गल्लत

रेझिस्टर बल्बला समांतर जोडायचा: एक टोक पॉझिटिव्हला, दुसरं अर्थला, म्हणजे निगेटिव्हला. रेझिस्टरला स्वतःला पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नसतं, कुठलंही टोक कुठेही चालतं. एकाच वायरला मध्ये तोडून तो ओवला, म्हणजे सिरीजमध्ये लावला, तर एलईडी मंद होतो किंवा लागतच नाही आणि इशारा तसाच राहतो. पॉझिटिव्हला जोडायचं टोक फॉग लाइट लागल्यावरच वीज येणाऱ्या वायरवर असायला हवं. चुकून कायम वीज असलेल्या वायरवर गेलं तर गाडी उभी असतानाही दोन अँपिअर वाहत राहतील. सकाळी बॅटरी बसलेली सापडेल, आणि रात्रभर ती शेगडी पेटलेली होती हे त्याहून वाईट.

बसवायची जागा

बंपर, फेंडरच्या आतलं प्लास्टिक, वायरिंगचा जुडगा आणि रेडिएटरची जाळी, या चारही जागा वर्ज्य. उघडा, जाड, चॅसीला जोडलेला धातू शोधा: बंपरच्या मागची आडवी पट्टी, तिचा ब्रॅकेट, नाहीतर हॉर्नजवळचा जाड पत्रा. टेकण्याच्या जागेची धूळ पुसून थर्मल पेस्टचा पातळ थर द्या आणि दोन्ही भोकांतून नट-बोल्ट, स्प्रिंग वॉशर लावून आवळा. रंगाचा पातळ थर राहिला तरी चालेल. गंज मात्र खरवडून काढा आणि नंतर उघड्या कडांना रंग लावा. केबल टाय आणि दुहेरी चिकट टेप इथे कामाची नाही. केबल टाय तापून सैल होतो, आणि फोमची टेप तर उष्णता पत्र्यात जाण्याची वाटच अडवते. रेझिस्टरभोवती टेप गुंडाळणं म्हणजे त्याला गोधडीत घालणं.

भोक पाडण्याआधी पलीकडे काय आहे ते पाहा. बऱ्याच गाड्यांमध्ये एअरबॅगचे धडक ओळखणारे सेन्सर पुढच्याच भागात असतात. बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवूनच काम करा.

वायरला ताव लागू नये म्हणून रेझिस्टरपासून पहिला हातभर भाग काचेच्या धाग्याच्या किंवा सिलिकॉनच्या नळीतून न्या. टिन-शिशाचा साधा सोल्डर 183 अंशांच्या आसपास वितळायला लागतो, त्यामुळे रेझिस्टरला खेटून डाग देऊ नका. मूळ वायरला चिमटा मारून जोडणारे ते प्लास्टिकचे क्लिप-कनेक्टरही नकोत, कारण चाकांनी उडवलेलं पाणी थेट याच जागी येतं आणि आतलं तांबं हिरवं पडतं. पक्का क्रिम्प (धातूच्या नळीत वायरी दाबून केलेला जोड), वरून आतल्या बाजूला गोंद असलेली, तापवल्यावर आवळणारी श्रिंक स्लीव्ह, आणि वायरला खाली एक झोल, म्हणजे पाणी जोडापर्यंत न जाता तिथून टपकेल.

दोन मिनिटांत चाचणी उरकणं

रेझिस्टर आणि त्याच्या मागचा पत्रा पुरते तापायला वीस मिनिटं तरी लागतात. दोन मिनिटांनी हात लावून "कोमटच आहे" म्हणत बंपर चढवला, तर तुम्ही काहीच तपासलेलं नसतं. गाडी उभी, इंजिन चालू, फॉग लाइट चालू, अर्धा तास. उभ्या गाडीला वारा मिळत नाही, म्हणून हीच खरी परीक्षा. बोट लावू नका, भाजेल. लेझरच्या थर्मामीटरवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका: चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. रेझिस्टरवर उष्णता सोसणाऱ्या मॅट काळ्या रंगाचा एक ठिपका द्या, वाळू द्या आणि तिथे मोजा. मल्टीमीटरचा तापमानाचा प्रोब असेल तर उत्तमच. आकडा 90 अंशांच्या खाली स्थिरावला तर मी समाधानी असतो. वर चढतच राहिला तर जागा बदला किंवा ओहम वाढवा.

तरीही बिनसलं तर

दिवा लागतच नाही: प्लग उलटा करून पाहा. हॅलोजनला दिशा नसते, एलईडीला असते.

दिवा नीट पण इशारा कायम: करंट कमी पडतोय. वर सांगितलेल्या क्रमाने ओहम कमी करत या. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे तपासल्या जात असतील तर एकाच बाजूच्या रेझिस्टरने भागणार नाही.

दिवा चालू असताना लुकलुकतो: कंट्रोल युनिट वीज सलग न देता तुकड्यातुकड्यांत देतं. याला रेझिस्टर हा इलाज नव्हे, कपॅसिटर असलेला डिकोडर, म्हणजे वीज साठवून सलग देणारी छोटी डबी, लागतो. बंद असताना अंधुक मिणमिणतो: युनिट तपासणीसाठी बारीक झटके पाठवतं, त्यात एलईडी चमकतो. इथे डिकोडर किंवा कोडिंग.

रेडिओत खरखर: एलईडीचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारं सर्किट, रेडिओत विद्युत अडथळा आणतंय. वायरवर फेराइटची कडी चढवून पाहा.

फ्यूज हा विषय लोक विसरतात. दोन 55 वॅटच्या बल्बांसाठी ठेवलेला 15 अँपिअरचा फ्यूज एलईडीसोबत आलेल्या बारीक वायरला वाचवत नाही, फ्यूज उडण्याआधी वायर जळते. 20-20 वॅटचे दोन दिवे आणि 10 ओहमचे दोन रेझिस्टर मिळून सहाच्या आसपास अँपिअर होतात, तिथे 10 चा फ्यूज पुरे. मूळ फ्यूजवर आणखी काही चालत नाही ना, तेवढं आधी पाहून घ्या.

एलईडी स्वतःही तापतो, पण पुढच्या बाजूने नव्हे, मागच्या बाजूने. त्याचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) मागच्या रबरी टोपीत कोंडला तर उजेड कमी होतो आणि आयुष्यही. बल्बवरच्या चिप डाव्या-उजव्या बाजूला येतील असाच तो फिरवून बसवा, नाहीतर झोत वर पसरून समोरच्याचे डोळे दिपतील आणि धुक्यात तुमचेही. पहिल्या महिन्यानंतर एकदा खाली वाकून बोल्टची घट्टाई आणि वायरचा रंग पाहा. आवरण काळपटलं असेल तर जोडणी सोडवा आणि रेझिस्टर पत्र्याला पूर्ण टेकतोय का, इथपासून पुन्हा तपासा.