सांडा कसा ओळखावा : शेपटीच्या कड्यांपासून जातीपर्यंत

राजस्थानातील ताल छापर अभयारण्यात, बिकानेरजवळच्या जोडबीड परिसरात किंवा कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात उन्हे तापू लागली की बिळाच्या तोंडाशी एक गुबगुबीत, मातकट रंगाचा सरडा स्थिर बसलेला दिसतो. हा सांडा. भारतात आढळणारा काटेरी शेपटीचा हा एकमेव सरडा महाराष्ट्रात मुक्त अवस्थेत राहत नाही. त्यामुळे मराठी पर्यटक त्याला पहिल्यांदा पाहतो तेव्हा बहुधा घोरपडीचे पिल्लू समजतो. ही चूक टाळण्यासाठी आणि पश्चिम आशिया व आफ्रिकेतील त्याच्या भाऊबंदांपासून त्याला वेगळे काढण्यासाठी पुढील क्रमाने निरीक्षण करावे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक लोक आधी रंग पाहतात आणि तिथेच फसतात.

पहिली पायरी : हा सांड्यांच्या गटातला आहे का, ते ठरवावे

अंतर राखून दुर्बिणीतून संपूर्ण प्राणी पाहावा. डोके आखूड व गोलसर, मुस्कट बोथट, अंग पसरट, पाय आखूड पण दणकट आणि शेपटी जाड, चपटी व काट्यांच्या आडव्या कड्यांनी वेढलेली असेल, तर गट जवळजवळ निश्चित झाला. घोरपडीची मान लांब असते, शेपटी लांब व निमुळती असते, तिच्यावर काट्यांची कडी नसतात आणि सापासारखी दुभंगलेली जीभ ती वारंवार बाहेर काढते; सांड्याची जीभ जाड व मांसल असते. थरच्या वाळवंटातच राहणारा मरू-सरडा सांड्याच्या कुळातला आहे, पण त्याची शेपटी सडपातळ आणि शरीरापेक्षा लांब असते. मेक्सिको व मध्य अमेरिकेतील काही इग्वानांनाही काटेरी कड्यांची शेपटी असते, तरी त्यांचे कुळ वेगळे आहे. म्हणून केवळ छायाचित्रावरून निर्णय देताना ते कोणत्या खंडात काढले आहे, हे आधी विचारावे.

सांड्यांना ॲगॅमिडी कुळात घालतात. या कुळातील सरड्यांचे दात जबड्याच्या कडेलाच जोडलेले असतात, खोबणीत रुतलेले नसतात. प्रौढ सांड्यात वरच्या जबड्याच्या पुढच्या दातांच्या जागी हाडाची चोचीसारखी धार तयार होते आणि तिने तो पाने, फुले व शेंगा खुडतो. दात पाहण्यासाठी प्राण्याला पकडण्याची मात्र काहीही गरज नाही.

दुसरी पायरी : शेपटी नीट वाचावी

वर्गीकरणाचा खरा कस इथे लागतो. पूर्वी हे सगळे सरडे युरोमॅस्टिक्स या एकाच प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) मोडत. ग्रीक भाषेतील शेपटी आणि चाबूक या अर्थाच्या दोन शब्दांपासून ते नाव तयार झाले आहे, आणि धोका जाणवताच हा प्राणी शेपटीचे फटकारे मारतो हे पाहिले म्हणजे नाव किती चपखल आहे ते पटते. २००९ मध्ये सरीसृपतज्ज्ञ थॉमस विल्म्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गटाचा फेरआढावा घेतला आणि पूर्वेकडील तीन जाती वेगळ्या काढून सारा या प्रजातीत ठेवल्या. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८४५ मध्येच दिलेले ते नाव अशा रीतीने पुन्हा वापरात आले.

या दोन प्रजातींमधला फरक डोळ्यांना दिसणारा आहे. शेपटीच्या वरच्या बाजूला काट्यांचे एक कडे संपून दुसरे लगेच सुरू होते की मध्ये बारीक खवल्यांच्या ओळी आहेत, हे तपासावे. कडी एकमेकांना भिडलेली असतील तर तो युरोमॅस्टिक्स. दोन कड्यांच्या मधे लहान खवल्यांच्या एक किंवा अधिक ओळी असतील तर तो सारा. दुर्बिणीतून हे दरवेळी कळतेच असे नाही, म्हणून शेपटीचे वरून, तिरप्या उन्हात आणि शक्य तितके जवळचे छायाचित्र घ्यावे व नंतर पडद्यावर मोठे करून ओळी मोजाव्यात. माझ्या मते पूर्ण प्राण्याच्या दहा देखण्या छायाचित्रांपेक्षा शेपटीचे असे एक स्पष्ट छायाचित्र अधिक कामाचे असते.

तिसरी पायरी : ठिकाण लक्षात घेऊन जात ठरवावी

सारा प्रजातीच्या तीन जातींपैकी भारतात आढळणारी सारा हार्डविकी. ग्रे यांनी १८२७ मध्ये तिचे वर्णन केले आणि ईस्ट इंडिया कंपनीचे लष्करी अधिकारी व निसर्गसंग्राहक थॉमस हार्डविक यांचे नाव तिला दिले. राजस्थान, गुजरात आणि सीमेपलीकडचा पाकिस्तान हा तिचा मुख्य मुलूख. सारा अस्मुसी इराण, अफगाणिस्तान व बलुचिस्तानात, तर सारा लॉरिकाटा पश्चिम इराण आणि इराकमध्ये राहते. या दोन्ही जातींच्या पाठीवर इतर खवल्यांपेक्षा मोठ्या, उठून दिसणाऱ्या गाठी असतात. आपल्या सांड्याच्या पाठीवर अशा ठळक गाठींच्या रांगा नसतात. पाठ बारीक खवल्यांची आणि दुरून जवळजवळ सपाट भासते.

सारा हार्डविकीची आणखी एक उत्तम खूण म्हणजे मांडीच्या पुढच्या बाजूला असलेला काळा ठिपका. प्राणी बाजूने उभा असताना मागच्या पायाच्या मुळाशी नजर टाकावी. नर साधारणपणे ४० ते ४९ सेंटीमीटर आणि मादी ३४ ते ४० सेंटीमीटर लांब असते. तरीही केवळ लांबीवरून लिंग सांगू नये, कारण तरुण नर मादीएवढा दिसू शकतो.

आखाती देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना दिसणारा, अरबीत ‘धब’ म्हणून ओळखला जाणारा मोठा सरडा सांडा नव्हे. तो युरोमॅस्टिक्स इजिप्टिया असतो. निसर्गशास्त्रज्ञ फोर्स्कोल यांच्या १७७५ मधील ग्रंथात वर्णिलेली ही जात गटातील सर्वांत मोठ्या जातींपैकी असून ७० सेंटीमीटरपर्यंत वाढू शकते. ओमानमधील युरोमॅस्टिक्स थॉमसीची शेपटी तर इतकी आखूड व रुंद असते की ती चकतीसारखी दिसते, आणि एकदा पाहिल्यावर तिच्याविषयी गोंधळ होत नाही.

चौथी पायरी : रंगाचा पुरावा शेवटी घ्यावा

सकाळी बिळातून बाहेर आलेला थंड अंगाचा सांडा गडद करडा दिसतो आणि ऊन मिळाले की तासाभरातच फिका, वाळूच्या रंगाचा होतो. एकाच प्राण्याची सकाळची व दुपारची छायाचित्रे शेजारी ठेवली तर त्या दोन जाती वाटाव्यात. म्हणून रंगाची नोंद करताना वेळ आणि ऊन यांचीही नोंद करावी.

पाचवी पायरी : बिळाची नोंद करावी

सांडा दिसला नाही तरी बीळ सापडते. सपाट, कठीण जमिनीत, जमिनीलगत उघडणारे, रुंद पण बुटके तोंड आणि त्यासमोर पायांच्या ठशांमधून गेलेला शेपटीचा ओरखडा या खुणा शोधाव्यात. रात्री व थंडीच्या महिन्यांत तो तोंड मातीने बंद करून घेतो, तेव्हा केवळ मोकळी बिळे मोजून वस्तीचा अंदाज बांधू नये. बिळात हात किंवा काठी घालू नये आणि पाणीही ओतू नये. आत शिरलेला सांडा अंग फुगवून भिंतींना घट्ट धरतो आणि काटेरी शेपटीने वाट अडवतो; ओढाओढीत त्याला गंभीर इजा होते.

आपल्याकडच्या आठवडी बाजारांत आणि रस्त्यांच्या कडेला ‘सांड्याचे तेल’ म्हणून जे विकले जाते, ते याच प्राण्याच्या शेपटीच्या मुळाशी साठलेल्या चरबीचे असते. पकडल्यावर तो पळू नये म्हणून त्याचा कणा मोडला जातो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार त्याला पकडणे व विकणे गुन्हा आहे, आणि निसर्ग संवर्धनासाठी काम करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेने ही जात असुरक्षित म्हणून नोंदवली आहे. असे तेल किंवा जिवंत सांडा विकताना कोणी आढळल्यास वन विभागाला कळवावे. ओळख पटलेल्या सांड्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर देताना बिळाचे नेमके ठिकाण लिहू नये, आणि देण्यापूर्वी छायाचित्रात साठलेली स्थानाची माहितीही काढून टाकावी.