कूस बदलतानाही कळ येते? गरोदरपणातलं कटीच्या हाडांचं दुखणं आणि बाळंतपणानंतरची उभारी

रात्रीचे दोन वाजलेत. लघवीला जायचंय, पण त्यासाठी आधी कूस बदलायला हवी आणि तिथेच सगळं अडतं. गुडघा जरा हलवला की दोन्ही जांघांच्या मधोमध कुणीतरी पाचर ठोकावी तशी कळ जाते. माझ्या दुसऱ्या खेपेला एकतिसाव्या आठवड्यापासून हे सुरू झालं. ज्यांना सांगितलं त्यांतल्या बहुतेकांनी "शेवटच्या महिन्यांत सगळ्यांनाच दुखतं" म्हणून विषय संपवला. मीही तीन आठवडे गप्प बसले. ते तीन आठवडे वाया गेले, कारण या दुखण्यावर उपाय आहेत आणि ते जितके लवकर सुरू कराल तितका त्रास आटोक्यात राहतो.

डॉक्टर याला पेल्विक गर्डल पेन म्हणतात. साधारण पाचातल्या एका गरोदर बाईला ते होतं. कटीचा भाग म्हणजे हाडांचं एक कडं. त्याला पुढे एक सांधा असतो आणि मागे, कमरेच्या खाली, दोन. पुढच्या सांध्यात एरवी ४-५ मिलिमीटर फट असते, ती गरोदरपणात आणखी २-३ मिलिमीटरने वाढते. संप्रेरकांमुळे सांधे बांधून ठेवणारे स्नायुबंध सैलावतात, पोटाच्या वजनाने चालण्या-उभं राहण्याची ढब बदलते, आणि या तीन सांध्यांवर सारखा भार पडेनासा होतो. बाळाला या दुखण्याने काही इजा होत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा.

दुखतं कधी, ते दोन दिवस टिपून ठेवा

जिना चढताना, पँट घालताना, गाडीतून उतरताना, कूस बदलताना. यादी केलीत की लक्षात येईल, कळ बहुधा दोनच वेळी येते: सगळा भार एका पायावर पडतो तेव्हा, किंवा दोन्ही गुडघे एकमेकांपासून लांब जातात तेव्हा. म्हणून पुढच्या सगळ्या सूचनांचं मूळ एकच: पाय जोडीने हलवा, भार दोन्हींवर सारखा ठेवा.

कूस बदलणं

हे मी सविस्तर सांगते, कारण झोप मोडली की सगळा दिवसच कोलमडतो.

१. दोन्ही गुडघे वाकवा, पावलं जवळ आणा. गुडघ्यांमध्ये उशी असेल तर ती दोन्ही गुडघ्यांनी हलकेच धरून ठेवा.
२. श्वास सोडत पोटाचा खालचा भाग अलगद आत घ्या.
३. डोकं, खांदे, कंबर आणि गुडघे एकदमच वळवा, ओंडका गडगडतो तसे. आधी पाय टाकून मागून धड ओढलंत की कळ आलीच.
४. उठायचं असेल तर कुशीवरच राहून दोन्ही पाय एकत्र पलंगाखाली सोडा आणि कोपर व हाताच्या जोरावर धड उचला.

गुळगुळीत कापडाचा गाऊन घातलात तर अंग चादरीवरून सहज सरकतं. झोपताना उशी गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत पुरेल एवढी लांब घ्या, नुसते गुडघे टेकले आणि पाऊल खाली लोंबलं तर खुबा पिळवटतो. २८ आठवड्यांनंतर तसंही कुशीवरच झोपायला सांगतात.

दिवसभराच्या हालचाली

कपडे बसून घाला. माझी सगळ्यात वाईट कळ एका पायावर तोल सावरत पँट चढवताना आली होती, नंतर मी पलंगाच्या कडेला बसूनच कपडे बदलायला लागले. जिना एकेक पायरीने: चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा. गाडीत बसताना आधी पाय बाहेर ठेवून सीटवर टेका, मग दोन्ही पाय एकदम आत घ्या. पावलं लहान टाका. मांडी घालून, उकिडवं किंवा पायावर पाय टाकून बसणं टाळा. जड पिशवी एका हातात धरू नका, आणि मोठं मूल असेल तर त्याला कडेवर घेऊ नका. कडेवर घेताना आपण एक खुबा बाहेर काढतो आणि सगळा भार त्याच बाजूला जातो. त्याला सोफ्यावर चढून तुमच्या शेजारी बसू दे.

म्हणून अंथरुणालाच खिळून राहायचं असंही नाही. थोडं चाला, थोडं बसा, कळ वाढायच्या आत थांबा.

फिजिओथेरपिस्टकडे लवकर जा

तुमच्या सांध्यांची हालचाल तपासून त्या ओटीपोटाचे, पाठीचे आणि खुब्यांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम बसवून देतात. पाण्यातले व्यायामही चांगले, फक्त बेडकासारखे पाय फाकवून पोहू नका. कमरपट्टा सुचवला तर तो पोटावर बांधायचा नसतो. पोटाच्या खाली, खुब्यांच्या पातळीला बसला तरच उपयोग. बांधून दुखणं वाढलं तर लगेच सोडा.

कोमट शेक किंवा कापडात गुंडाळलेली थंड पिशवी, जे सोसेल ते १० मिनिटं. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून घ्या. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मात्र स्वतःहून घेऊ नका, विशेषतः २० आठवड्यांनंतर, कारण बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं.

प्रसूतीची तयारी

केवळ या दुखण्यासाठी सिझेरियनची गरज सहसा पडत नाही. पण एक काम नववा महिना लागायच्या आत करा. खुर्चीच्या कडेला बसून गुडघे हळूहळू लांब न्या, कळ सुरू होण्याआधी थांबा आणि दोन गुडघ्यांमधलं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. हा आकडा प्रसूतीच्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत हवा. पाठीत भूल दिली असेल तर तुम्हाला कळ जाणवणार नाही, आणि पाय गरजेपेक्षा जास्त फाकवले गेले तरी समजणार नाही. सोबत येणाऱ्या माणसाला हे आधीच पाठ करायला सांगा. कुशीवर, गुडघ्यांवर किंवा हात-गुडघे टेकून कळा देता येतील का, तेही आधीच विचारून घ्या.

बाळ झाल्यावर

बहुतेकींचं दुखणं काही आठवड्यांत ते महिन्यांत ओसरतं. पण पहिल्या दिवशी बरं वाटलं म्हणून एकदम घरभर फिरायला लागू नका, स्नायुबंध अजून सैल असतात. कूस बदलण्याचे, जिन्याचे नियम तसेच चालू ठेवा.

दूध पाजताना पाठीला टेका घ्या, दोन्ही पावलं जमिनीवर टेकवा, मांडीवर उशी ठेवून बाळाला छातीपर्यंत वर आणा. आपण वाकून बाळापर्यंत जायचं नाही. लंगोट कमरेच्या उंचीवर बदला, बाळावर एक हात कायम ठेवून.

लघवी नीट व्हायला लागली की ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम सुरू करा. वारा रोखून धरतो तसे स्नायू आत-वर खेचा, श्वास चालू ठेवा, सोडा. सुरुवातीला दोन-तीन सेकंदही पुरेत. हळूहळू १० सेकंद, १० वेळा, दिवसातून तीनदा इथवर या. लघवीची धार मध्येच थांबवून सराव करू नका. पळणं, उड्या १२ आठवड्यांच्या आत नकोत, आणि त्यानंतरही दुखत असेल किंवा खोकताना लघवी निसटत असेल तर अजून थांबा आणि तपासून घ्या.

लगेच दवाखाना गाठा

गरोदरपणात ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं. केव्हाही ताप, लघवीला जळजळ, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटणं. प्रसूतीच्या वेळी पुढच्या हाडात काही फाटल्यासारखं किंवा कट्‌कन वाजल्यासारखं वाटलं आणि नंतर पाऊलच टाकता येईना, तर सांधा जास्त फाकलेला असू शकतो. १० मिलिमीटरपेक्षा अधिक फट ही उपचार करायची गोष्ट आहे, सोसायची नव्हे. बाळंतपणानंतर तासाभरात एक पॅड भिजत असेल तर सकाळची वाट पाहू नका.

सहा आठवड्यांच्या तपासणीला बोलणं बाळाच्या वजनावर आणि लसींवर जातं आणि आपलं दुखणं सांगायचं राहून जातं. निघण्याआधीच एका कागदावर लिहा: कुठे दुखतं, कोणती हालचाल अजून जमत नाही, रात्री किती वेळा जाग येते. तो कागद आत शिरताच डॉक्टरांच्या हातात द्या.