थाई बीएल बघायला सुरुवात कुठून करायची? जोडी सोडा, दिग्दर्शक धरा

बीएल म्हणजे बॉइज लव्ह, दोन मुलांच्या प्रेमाच्या सीरिज. सुरुवात टूगेदर या सीरिजपासून करू नका. आधीच सांगून टाकते कारण कुणालाही विचारा, पहिलं तेच नाव येतं. २०२० च्या फेब्रुवारीत सुरू झाली, मे मध्ये संपली, म्हणजे ऐन लॉकडाऊन, सगळे घरात कोंडलेले, आणि ब्राइट-विन ही नटांची जोडी जगभर पोचली, मान्य. स्क्रब नावाच्या थाई बँडची गाणी गोष्टीत मस्त बसवलीत, तेही मान्य. पण गोष्ट काय, तर टाइनच्या मागे एक मुलगा लागलाय, त्याला कटवायला टाइन सारावतला म्हणतो की तू माझा खोटा बॉयफ्रेंड हो, आणि पहिले काही एपिसोड धमाल गेल्यावर शेवटाकडे त्यातली हवाच निघून जाते. नवीन माणूस हे बघतो, म्हणतो हां गोड आहे, आणि परत बीएलकडे फिरकत नाही. माझ्या ओळखीतली बरीच गळती इथेच झालीये.

आता गंमत बघा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये याचा पुढचा भाग आला, स्टिल टूगेदर, फक्त ५ एपिसोड. नट तेच, पात्रं तीच, पण दिग्दर्शक बदलला आणि अचानक ही दोन माणसं खरी वाटायला लागतात, एकत्र राहणारी, किरकोळ गोष्टींवरून रुसणारी. म्हणून माझं म्हणणं एवढंच की जोडी बघून सीरिज निवडू नका, दिग्दर्शक बघून निवडा. फॅन्स याच्या बरोबर उलट करतात. तिकडे कंपन्याच दोन नटांची जोडी बांधतात, मग तीच जोडी सीरिजमागून सीरिज, जाहिराती, फॅनमीट, आणि आपण डोळे झाकून त्यांचं जे येईल ते बघत बसतो. त्यात एखादी भारी निघते आणि बाकीच्या नुसत्या वेळखाऊ.

वर ज्या दिग्दर्शकाबद्दल बोलले तो नोप्पर्नाच चैविमोन, फॅन्स त्याला बॅकऑफ किंवा नुसतं ऑफ म्हणतात (ऑफ जुम्पोल हा वेगळा, तो नट आहे, सर्च करताना घोळ होतो). पहिली सीरिज म्हणून त्याची बॅड बडी लावा. २०२१ च्या शेवटी सुरू झालेली, १२ एपिसोड, ओम पवत आणि नानॉन कोरापत. पॅट आणि प्रान शेजारी राहतात, दोघांच्या आईबापांचं हाडवैर, एक इंजिनीअरिंगला, एक आर्किटेक्चरला, आणि त्या दोन फॅकल्ट्यांचीही आपसात मारामारी. ऐकायला अगदी जुनीपुराणी गोष्ट वाटते ना, पण दोघं एकमेकांशी स्पर्धा करता करता जे बोलतात ते ऐका. पाचव्या एपिसोडचा शेवट, गच्चीवरचा सीन, त्याबद्दल काही वाचू नका, कुणी क्लिप पाठवली तरी उघडू नका.

बीएलवाल्यांमध्ये अकराव्या एपिसोडचा शाप म्हणून एक प्रकार आहे. बारा एपिसोडची सीरिज असली की अकराव्यात काहीतरी फालतू गैरसमज होणार, दोघं तुटणार, पाऊस पडणार, आणि बाराव्यात सगळं गोड. इतक्या सीरिजमध्ये हे झालंय की लोक अकरावा लावायच्या आधी मनाची तयारी करतात. बॅड बडी या शापाचं काय करते ते बघण्यासारखं आहे, जास्त बोलत नाही.

बघायचं कुठे, तर जीएमएमटीव्ही या कंपनीच्या यूट्यूब चॅनलवर त्यांच्या बऱ्याच सीरिज फुकट असतात. एक एपिसोड चार तुकड्यांत टाकलेला असतो, एक छेद चार, दोन छेद चार असं लिहिलेलं दिसेल, घाबरू नका, प्लेलिस्ट उघडली की ओळीने लागतात. सीसीचं बटण दाबून इंग्रजी सबटायटल्स चालू करा. ऑटो ट्रान्सलेटमध्ये मराठीचा पर्याय दिसेल, त्याच्या नादी लागू नका, प्रेमाचं वाक्य सरकारी परिपत्रकासारखं वाचावं लागतं. काही सीरिज आपल्याकडे उघडत नाहीत, त्या विकी, आयचीयी, नाहीतर गागाऊलाला अशा अ‍ॅपवर शोधायच्या. एकाच सीरिजचे कट आणि अनकट असे दोन प्रकारही असतात, टीव्हीवर कापलेलं अनकटमध्ये असतं, कधी त्यात नुसता जास्तीचा रोमान्स असतो तर कधी चक्क गोष्टीला लागणारा सीन, म्हणून मिळालं तर अनकटच बघा.

थायलंडचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. तिकडे बऱ्याच सीरिज रात्री साडेआठला लागतात म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सात, नेमकी घरातल्या टीव्हीवर मालिकांची रांग सुरू व्हायची वेळ, आई बाहेर टीव्हीपुढे, तुम्ही आत मोबाईल घेऊन, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही, याहून चांगली सोय नाही. हेडफोन मात्र लावा. आणि पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाताना बघणार असाल तर आदल्या रात्रीच डाउनलोड करून ठेवा, इगतपुरी सुटली की कसारा घाटातले बोगदे सुरू होतात आणि नेमकं कबुलीच्या सीनला गोल गोल फिरत बसतं.

बॅड बडी आवडली की ऑफच्याच बाकीच्या घ्या. हीज कमिंग टू मी, २०१९ ची, एक जिवंत मुलगा आणि एक भूत, आठच एपिसोड. टेल ऑफ थाउजंड स्टार्समध्ये हृदय प्रत्यारोपण झालेला श्रीमंत घरचा मुलगा डोंगरातल्या गावात शिकवायला जातो आणि तिथला फॉरेस्टवाला अधिकारी त्याला भेटतो. लास्ट ट्वायलाइटही बघा, दृष्टी जात चाललेला खेळाडू आणि त्याचा केअरटेकर, तिच्या शेवटावर माझं भांडण आहे पण तुम्ही बघून झाल्यावर भांडू.

पण माझी सगळ्यात लाडकी मूनलाइट चिकन. २०२३, आठ एपिसोड. यात कॉलेज नाही, कॅम्पसचा हँडसम हिरो नाही, चिअरलीडर नाही. जिम नावाचा माणूस रात्री चिकन-राइसचं दुकान चालवतो, उकडलेलं चिकन, त्याच्याच पाण्यात शिजवलेला भात आणि चटणी, ‘खाओ-मान-काय’ असं नाव आहे त्याचं. धंदा जेमतेम, जागेचं टेन्शन, पुतण्या-भाचा असतो ना घरात एक वयात आलेला, चिडका, तसा एक भाचा, आणि जुन्या नात्याचं ओझं. त्यात एक गिऱ्हाईक दारू पिऊन टेबलावरच लवंडतं आणि गोष्ट सुरू होते. पैसे हा विषय बीएलमध्ये फार कमी येतो, हिरो बहुतेक वेळा गर्भश्रीमंत असतात, इथे मात्र गॅसचं बिल आणि प्रेम एकाच सीनमध्ये आहे. भाचा ली मिंग आणि ऐकू न येणारा हार्ट यांची बाजूची गोष्ट तर अशी आहे की साइन लँग्वेजच्या सीनला मी हेडफोन काढून ठेवते, आवाजाची गरजच नसते. ही रात्री उपाशीपोटी बघू नका.

ऑफच्या बाहेर पडायचं तर पहिलं नाव बॉस नारुबेत कुनो आणि त्याची आय टोल्ड सनसेट अबाउट यू. २०२०, पाचच एपिसोड पण लांब, पिक्चरसारखे. फुकेतच्या जुन्या शहरातली दोन मुलं, तेह आणि ओएव, लहानपणी जिगरी, मग भांडण, आणि युनिव्हर्सिटीच्या प्रवेशाच्या वर्षी परत समोरासमोर, एक दुसऱ्याला चायनीज शिकवतो. इथे क्लासेसच्या बॅचमध्ये सीईटी-नीट करत वाढलेल्या कुणालाही ते पोटात गोळा येणं लगेच कळेल, मित्राला आपल्यापेक्षा जास्त मार्क पडावेत असं वाटतं आणि पडू नयेत असंही वाटतं. बिलकिन आणि पीपी या दोघांनी असं काम केलंय की डोळे, मान, श्वास, सगळं बोलतं. तेहला स्वतःबद्दल कळायला लागतं तेव्हा त्याची जी घाबरगुंडी उडते ती कुठल्याही कॅम्पस सीरिजने दाखवलेली नाही, तिकडे बहुतेक हिरो एकच वाक्य फेकतात, मी गे नाहीये, मला फक्त तूच आवडतोस, आणि लेखकाची सुटका होते. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. याचा दुसरा भाग २०२१ चा, बँकॉकमधला, तो लगेच लावू नका, आठवडाभर जाऊ द्या मधे.

ज्यांना थोडं राजकारण चालतं त्यांनी नॉट मी आणि द एक्लिप्स घ्या. नॉट मी अनुचा बून्यावतानाची, ही ट्रान्स दिग्दर्शिका, हिच्या आधीच्या सिनेमाला थायलंडने ऑस्करला पाठवलं होतं. जुळ्या भावांपैकी एकाला मारहाण होते, दुसरा त्याच्या जागी त्याच्या टोळीत घुसतो, आणि प्रेम राहतं बाजूला, आधी बड्या उद्योगपतीच्या विरोधातली लढाई. गन अथाफान दोन्ही भाऊ करतो. त्यात समलिंगी लग्नाच्या हक्कासाठीच्या मोर्चाचा सीन आहे, भलामोठा इंद्रधनुषी झेंडा घेऊन, आणि ही सीरिज २०२२ मध्ये संपली तेव्हा तिकडे तो कायदा नव्हता, तो लागू झाला जानेवारी २०२५ मध्ये. एक्लिप्स तानवारिन सुक्खापिसित यांची, २०१९ मध्ये निवडून आलेल्या थायलंडच्या पहिल्या ट्रान्सजेंडर खासदार, आणि गोष्ट आहे कडक नियमांच्या शाळेची. आता कळलं का दिग्दर्शक बघा का म्हणते ते? आपल्याकडे समलिंगी संबंध गुन्हा नाही असं सांगणारा कलम ३७७ चा निकाल ६ सप्टेंबर २०१८ चा आणि अशा लग्नाला सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये नाही म्हटलं, त्यामुळे तो झेंड्याचा सीन इथे बसून बघताना वेगळाच लागतो.

द साइन नाशिककरांनी एकदा तरी बघावी. पोलीस तपास, पुनर्जन्म, आणि मागच्या जन्मी एक नाग आणि एक गरुड. थाई लोकांचं स्वतःचं रामायण आहे, रामकियेन, त्यांच्या राजांनाही राम म्हणतात, आत्ताचे दहावे. सीतागुंफेच्या गल्लीत लहानाची मोठी झालेल्या मला नाग-गरुडाचं वैर कुणी सबटायटलमध्ये समजावून सांगायची गरज पडली नाही, आमची आजी असती तर पुढचा एपिसोड तिनेच सांगितला असता.

जुन्या सीरिज कधी बघायच्या? नंतर. लव्ह सिक २०१४ ची, इथून हा सगळा मामला सुरू झाला असं धरतात. सोटस २०१६ ची, क्रिस्ट आणि सिंगतो, सीनियर आर्थित ज्युनियरांना छळतो आणि कॉंगपोब त्याला उलट बोलतो. गोड आहे, पण तो छळ म्हणजे सरळसरळ रॅगिंग आहे, महाराष्ट्रात १९९९ पासून त्याच्यावर कायदा आहे, त्यामुळे पहिले दोन-तीन एपिसोड दात खाऊन बघावे लागतात. इंजिनीअरिंगची मुलं पण कमाल, ना सबमिशन, ना व्हायवा, वर्षभर कॉलेजचे शर्ट घालून नुसते कॉरिडॉरमध्ये फिरतात.

किनपोर्श अठराच्या पुढच्यांसाठी आहे, माफिया, रक्त, छळ, सगळं उघड, बनवलीये मात्र झकास. थार्नटाइप मी सहसा कुणाला सांगत नाही, त्यात संमतीचा विषय जसा हाताळलाय तो मला पटत नाही, आणि तसल्या जुन्या बऱ्याच सीरिजमध्ये एक जळकी मुलगी व्हिलन म्हणून असतेच, बिचारीला दुसरं कामच नाही.

थोडं सवयीचं. प्रत्येकाला टोपणनाव असतं आणि तीच ती टोपणनावं फिरत असतात, ओम दोन, अर्थ दोन, फ्लूक तर विचारूच नका, त्यामुळे सर्च करताना पूर्ण नाव टाका. सबटायटलमध्ये नावाआधी नुसता पी दिसला तर समोरचा वयाने मोठा आहे एवढं समजा. मधेच हिरो फेसवॉशची ट्यूब कॅमेऱ्याकडे वळवून तिचे गुण सांगायला लागेल, ते स्पॉन्सरचं आहे, तेवढ्यात चहा टाकून या.

आणि नटांच्या मागे लागू नका प्लीज. पडद्यावरची जोडी पडद्यावर. कुणाचा गर्लफ्रेंडसोबत फोटो आला की त्याच्या कमेंटमध्ये रडारड, शिव्याशाप, हे आपल्याकडच्या मुलीपण करतात, मी बघितलंय. त्याने काम केलं, आपण बघितलं, बास.

राहता राहिला घरच्यांना दाखवायचा प्रश्न. थेट बीएल लावू नका. सनसेटमधला बिलकिन २०२४ च्या हाऊ टू मेक मिलियन्स बिफोर ग्रँडमा डाइज या सिनेमात आहे, आजारी आजी, तिच्या इस्टेटीवर डोळा ठेवून सेवा करायला आलेला नातू, यात बीएलचा ब पण नाही. रविवारी दुपारी जेवणं झाली की लावा, आईला सबटायटल वाचायचा कंटाळा येत असेल तर शेजारी बसून सांगत राहा. ती रडणार, आणि रडून झालं की विचारणार की हा पोरगा छान काम करतो गं, अजून कशात आहे? तेव्हा सनसेटचा पहिला एपिसोड लावा, तो तसा सौम्यच आहे. दुसऱ्याला मात्र तुम्ही भांडी घासायला स्वयंपाकघरात जा आणि तिला तिचं बघू द्या.